रामकृष्ण गोपाळ भांडारकर

सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर (६ जुलै १८३७, मालवण – २४ ऑगस्ट १९२५, पुणे) हे संस्कृत व प्राकृत भाषांचे पंडित, भाषाशास्त्रज्ञ, प्राचीन भारतीय इतिहासाचे संशोधक आणि धर्मसुधारक होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांच्या विकासावर त्यांनी १८७७ मध्ये दिलेली विल्सन व्याख्याने ही आर्यभारतीय भाषांच्या तुलनात्मक अभ्यासातील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत मोडतात. १८८६ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेला ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते आणि १९१९ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर त्यांच्या नावाने स्थापन झाले आहे.

भांडारकरांची ओळख बहुधा त्यांच्या ग्रंथांवरून किंवा संस्थेवरून करून दिली जाते. विद्वानांच्या सभांतील त्यांचा वावर त्यामानाने दुर्लक्षित राहिला आहे. त्या काळी भारताविषयीचे ज्ञान बव्हंशी युरोपात तयार होत होते आणि त्यावरचा निवाडाही तेथेच होत होता. अशा काळात मालवणच्या एका कारकुनाच्या मुलाने त्या निवाड्यात बरोबरीच्या नात्याने भाग घेतला. हे कसे घडले, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

बालपण व शिक्षण

भांडारकरांचा जन्म मालवण येथे गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. मालवण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, तोवर हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. शिवकालीन सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरचे हे बंदर १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले होते, आणि भांडारकरांच्या जन्मकाळी तेथे मामलेदार कचेरीचा कारभार चालत असे. वडील गोपाळराव याच कचेरीत कारकून होते. घराण्याचे मूळ आडनाव पत्की. पूर्वजांपैकी कोणी सरकारी भांडाराच्या कामावर असल्यामुळे भांडारकर हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते.

१८४७ मध्ये वडिलांची बदली रत्नागिरीस झाली. मुलाच्या आयुष्याला वळण देणारी घटना हीच म्हणावी लागेल, कारण इंग्रजी शिक्षणाची सोय रत्नागिरीस होती. तेथील शाळेतील अभ्यास संपवून भांडारकर १८५३ मध्ये मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना दादाभाई नौरोजी यांच्यासारखे शिक्षक लाभले. गणित हा त्यांचा आवडीचा विषय होता. पुढे व्याकरणाचे नियम आणि शिलालेखांतील राजांचे कालानुक्रम तपासताना त्यांच्या युक्तिवादात जी शिस्त दिसते, तिचा उगम या गणिताच्या अभ्यासात शोधण्याचा मोह होतो.

मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. परीक्षा १८६२ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत भांडारकरांबरोबर महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे होते. पुढच्या वर्षी भांडारकर एम.ए. झाले.

त्यांचे संस्कृत शिक्षण मात्र कॉलेजात झालेले नाही. शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृतकडे वळण्यास सुचविले. दक्षिणा फेलो असताना भांडारकरांनी पुण्यातील शास्त्र्यांकडे पारंपरिक पद्धतीने व्याकरण, न्याय आणि वेदान्त यांचे अध्ययन केले. एका बाजूस इंग्रजी कॉलेजातील तर्कशुद्ध मांडणी आणि दुसऱ्या बाजूस शास्त्र्यांपुढे मांडी घालून केलेले पठण, अशी दुहेरी तयारी त्या पिढीत फार थोड्यांची होती. पुढे युरोपीय पंडितांशी वाद घालताना हीच तयारी त्यांच्या उपयोगी पडली.

अध्यापन

१८६४ मध्ये ते सिंधमधील हैदराबादच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी त्याच पदावर रत्नागिरीस आले. ज्या शाळेत शिकले तीच शाळा चालविण्याचा योग त्यांना लाभला. सिंधमधील मुक्काम अल्प होता, पण सिंधी भाषेचा परिचय पुढे भाषांच्या तुलनेत त्यांना उपकारक ठरला असणार.

याच काळात त्यांनी संस्कृतची दोन शालेय पुस्तके लिहिली. 'मार्गोपदेशिका' १८६४ मध्ये आणि 'संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका' १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तोपर्यंत संस्कृत शिकायचे म्हणजे रूपावली, अमरकोश आणि सूत्रे यांच्या पाठांतराने आरंभ करायचा, अशी रीत होती. भांडारकरांनी एकेक नियम, त्यावर छोटी वाक्ये, मग दोन्ही बाजूंनी भाषांतर अशी क्रमवार रचना केली. महाराष्ट्रातील आणि बाहेरील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या पुस्तकांवर संस्कृत शिकल्या आणि ती आजही छापली जातात. त्यांच्या संशोधनग्रंथांपेक्षा या दोन लहान पुस्तकांचे वाचक कितीतरी पटींनी अधिक असतील.

गेओर्ग ब्यूलर शिक्षणखात्यात गेल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृतच्या प्राध्यापकपदाचे काम भांडारकरांनी काही वर्षे हंगामी म्हणून सांभाळले. जागा कायम करण्याची वेळ आली तेव्हा, १८७३ मध्ये, ती ब्रिटनहून आलेल्या पीटर पीटरसन यांना देण्यात आली आणि भांडारकरांना त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून राहावे लागले. त्या काळच्या सरकारी नोकरीत वरची जागा युरोपीयांसाठी राखलेली असे. हा अन्याय तेव्हाच्या सुशिक्षित समाजाला खुपला. भांडारकरांनी त्याचे उत्तर लेखनातून दिले, असे त्या दशकातील त्यांच्या कामाकडे पाहिल्यावर वाटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील फ्रान्झ कीलहोर्न १८८१ च्या सुमारास जर्मनीस परतल्यावर ती जागा भांडारकरांकडे आली आणि १८९३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथे प्राध्यापक होते. त्यानंतर १८९३ ते १८९५ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

पतंजलीच्या काळाचा वाद

भांडारकरांच्या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणजे महाभाष्यकार पतंजलीच्या काळाविषयीचा वाद. थिओडोर गोल्डस्ट्युकर यांच्या पाणिनीवरील ग्रंथाचे परीक्षण त्यांनी १८६४ मध्ये 'नेटिव्ह ओपिनियन' पत्रात केले होते, तेव्हापासून हा विषय त्यांच्या मनात घोळत होता. १८७२ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात त्यांनी आपले म्हणणे मांडले. बर्लिनचे ख्यातनाम पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी त्यावर आक्षेप घेतले आणि भांडारकरांनी त्यांना उत्तरे दिली.

हा युक्तिवाद व्याकरणाच्या एका बारकाव्यावर उभा आहे. संस्कृतात बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळातील घटनेसाठी सामान्यतः लिट् लकार वापरतात. परंतु घटना लोकप्रसिद्ध असेल आणि बोलणाऱ्याने मनात आणले असते तर त्याला ती पाहता आली असती, म्हणजे ती त्याच्या हयातीत घडलेली असेल, तर लङ् लकार वापरावा असा एक नियम वार्तिककाराने दिला आहे. पतंजलीने त्याचे उदाहरण म्हणून यवनाने साकेत व मध्यमिका या नगरांना घातलेल्या वेढ्याचा उल्लेख केला. येथवर गोल्डस्ट्युकर यांनी लक्ष वेधले होते. भांडारकरांनी त्यात दुसरा पुरावा जोडला. आरंभलेली पण अद्याप न संपलेली क्रिया वर्तमानकाळात सांगावी, या नियमाचे उदाहरण देताना पतंजली पुष्यमित्राच्या यज्ञाचे पौरोहित्य चालू असल्याचे म्हणतो. पुष्यमित्र हा शुंग वंशाचा संस्थापक, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील राजा. म्हणजे पतंजली त्याचा समकालीन ठरतो. दोन स्वतंत्र उदाहरणे एकाच काळाकडे बोट दाखवतात, हे या युक्तिवादाचे बळ. पीटरसन यांनी पुढे पतंजलीला बराच अलीकडे ओढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १८८५ मध्ये भांडारकरांनी त्यांनाही उत्तर दिले. पतंजलीचा काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा मध्य, हे मत आज बहुतेक अभ्यासक स्वीकारतात.

व्याकरणग्रंथातील उदाहरणवाक्ये विद्यार्थी सहसा अर्थ न पाहता घोकतात. त्यांच्यात इतिहास दडलेला असतो, हे या वादामुळे ठळकपणे पुढे आले.

विल्सन व्याख्याने

डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला सुरू झाली. तिचे पहिले व्याख्याते म्हणून १८७७ मध्ये भांडारकरांची निवड झाली. संस्कृत आणि तिच्यापासून उत्पन्न झालेल्या भाषा हा विषय घेऊन त्यांनी सात व्याख्याने दिली. भाषेच्या वाढीचे सामान्य नियम आणि संस्कृतची अवस्थांतरे यांपासून आरंभ करून ते पाली, प्राकृत, अपभ्रंश या मार्गाने मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, पंजाबी, बंगाली व उडिया या भाषांपर्यंत आले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आणि पुढे १९१४ मध्ये पुस्तकरूपाने ही व्याख्याने प्रसिद्ध झाली.

या विषयावर त्या सुमारास जॉन बीम्स आणि रुडॉल्फ हर्नले हे दोघे काम करीत होते. भांडारकरांचे वेगळेपण असे, की संस्कृत व्याकरणपरंपरा त्यांनी आतून अनुभवली होती आणि तुलनेसाठी घेतलेल्या भाषांपैकी एक त्यांची स्वतःची होती. भाषेतील बदल हे मनमानी नसून नियमबद्ध असतात, हे ते उदाहरणांनी पटवून देतात. संस्कृतातील हस्त, सप्त, कर्म ही रूपे प्राकृतात हत्थ, सत्त, कम्म अशी झाली. मराठीत त्यांतील द्वित्त जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला आणि हात, सात, काम हे शब्द आले. पंजाबीने द्वित्त टिकवून हत्थ, सत्त, कम्म ही रूपे ठेवली. एकाच शब्दाचे वेगवेगळ्या प्रांतांत काय झाले, याचे असे कोष्टक मांडले की भाषांचे नाते उघड होते. जुन्या प्रत्ययांचे अवशेष नव्या भाषांत कोठे लपून आहेत, याचाही त्यांनी मागोवा घेतला. मराठीतील पाहिजे हे रूप प्राकृतातील कर्मणी प्रयोगाचा असाच एक अवशेष आहे. मराठी माणूस दिवसातून दहा वेळा हा शब्द उच्चारतो, पण त्याच्या वयाची त्याला कल्पना नसते.

ग्रंथस्थ मराठीबरोबर कोकण व गोमंतक येथील बोलींची रूपेही भांडारकरांनी विचारात घेतली. शुद्ध भाषा आणि गावंढळ बोली असा भेद रूढ असलेल्या काळात बोलींना पुराव्याचा मान देणे ही लहान गोष्ट नव्हती. मात्र गोमंतकी कोकणीला ते मराठीचीच बोली मानीत. कोकणी ही स्वतंत्र भाषा असल्याचे पुढील काळात मान्य झाल्यामुळे त्यांच्या लेखनाचा हा भाग आज जपून वाचावा लागतो.

लंडन आणि व्हिएन्ना

प्राच्यविद्येच्या आंतरराष्ट्रीय परिषदांचा आरंभ १८७३ मध्ये पॅरिस येथे झाला. दुसरी परिषद १८७४ मध्ये लंडनला भरली. तिच्यासाठी भांडारकरांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठविला. प्राकृतातील या लेखांत सातवाहन राजे गौतमीपुत्र व पुळुमावी, तसेच क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यांच्या दानांच्या नोंदी आहेत. निबंध परिषदेत सादर झाला आणि इतिवृत्तात छापलाही गेला, परंतु लेखक स्वतः तेथे नव्हता. याच शिलालेखांच्या अभ्यासातून पुढे १८८४ मध्ये त्यांचा 'दक्षिणेचा प्राचीन इतिहास' हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला.

१८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली आणि पुढच्याच वर्षी परिषदेला प्रत्यक्ष जाण्याचा योग आला. सातवी परिषद १८८६ च्या शरद ऋतूत व्हिएन्ना येथे भरली. मुंबई सरकारने प्रतिनिधी म्हणून भांडारकरांना पाठविले. त्या वेळी ते ४९ वर्षांचे होते. समुद्रपर्यटन करणाऱ्याने प्रायश्चित्त घ्यावे की नाही यावर महाराष्ट्रात तेव्हा कडाक्याचे वाद होत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रवासाचे सामाजिक वजनही कळते. व्हिएन्नात यजमानांपैकी एक होते गेओर्ग ब्यूलर. मुंबईतील नोकरी सोडून ते १८८० पासून तेथील विद्यापीठात प्राध्यापक होते. पतंजलीच्या काळावरून ज्यांच्याशी लेखणीने झुंज झाली ते वेबरही परिषदेत होते.

भांडारकरांनी तेथे रामानुजमत आणि भागवत अथवा पांचरात्र संप्रदाय यांवर निबंध सादर केला. भक्तिमार्गाचा उगम भारतीय परंपरेतच सापडतो, ही त्यांच्या पुढील संशोधनाची दिशा त्यात दिसते. २७ वर्षांनी, १९१३ मध्ये, वैष्णव, शैव व इतर लहान पंथांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ जर्मन साम्राज्यातील स्ट्रासबुर्ग येथून निघाला. ब्यूलर यांनीच आरंभलेल्या भारतविद्येच्या ग्रंथमालेत तो समाविष्ट आहे.

याच परिषदेत भारतातील भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी असा ठराव झाला. जॉर्ज ग्रियर्सन यांनी या योजनेचा पाठपुरावा केला, ठराव ब्यूलर यांनी मांडला आणि वेबर यांनी अनुमोदन दिले. त्यातून पुढे भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे प्रचंड काम उभे राहिले आणि १९२८ पर्यंत त्याचे खंड निघत राहिले. मराठीचा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. सावंतवाडी–कुडाळ भागातील बोलीची त्यात कुडाळी या नावाने नोंद आहे. ज्या परिषदेला मालवणचा एक पुत्र हजर होता, तिच्यातील ठरावाचे फळ अशा रीतीने त्याच्याच मुलखातील बोलीपर्यंत पोहोचले.

परतल्यावर भांडारकरांनी या प्रवासाचा वृत्तांत लिहिला. जर्मन विद्यापीठांतील अभ्यासाची शिस्त त्यांना भावली होती. १८८८ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी चिकित्सक, तुलनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचे विवेचन केले आणि आपल्या देशातील अभ्यासकांनी ती आत्मसात करावी असा आग्रह धरला. परंपरेतील प्रत्येक गोष्ट अतिप्राचीन ठरविण्याचा देशी हव्यास आणि भारतीयांचे मोठेपण नाकारण्याकडे असलेला काही युरोपीयांचा कल, हे दोन्ही त्यांना सारखेच दोषास्पद वाटत. त्यामुळे दोन्हीकडून टीका होणे अपरिहार्य होते.

धर्म आणि समाजसुधारणा

भांडारकर प्रार्थना समाजाचे आरंभीच्या काळापासूनचे सभासद आणि नंतर आधारस्तंभ होते. तुकारामाच्या अभंगांवर त्यांची निष्ठा होती. १८९१ मध्ये त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह घडवून आणला. त्याच वर्षी संमतिवयाच्या विधेयकावरून रण माजले असता त्यांनी विवाहाच्या वयासंबंधी धर्मशास्त्रातील वचने तपासून एक पुस्तिका प्रसिद्ध केली. टिळकांनी तिच्यावर टीका केली. या वादात राजकारणही पुष्कळ होते, पण शास्त्रवचनांचा अर्थ लावताना भांडारकरांनी तीच पद्धत वापरली जी पतंजलीचा काळ ठरविताना वापरली होती.

हस्तलिखितांचा शोध घेऊन त्यांनी सरकारला सादर केलेले अहवाल आजही संदर्भासाठी चाळले जातात. सरकारने त्यांना १८८९ मध्ये सी.आय.ई. आणि १९११ मध्ये सर हा किताब दिला.

पुण्याची परिषद आणि अखेरची वर्षे

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ८० व्या वाढदिवशी, चाहत्यांनी व शिष्यांनी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना केली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेस दिला आणि डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितांचा संग्रहही लवकरच तेथे आला. १ एप्रिल १९१९ रोजी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कामाचा आरंभ भांडारकरांच्या हस्ते झाला. ते काम १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले.

त्याच वर्षी ५ ते ७ नोव्हेंबर या दिवसांत पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद या संस्थेच्या पुढाकाराने पुण्यात भरली. अध्यक्षपदी अर्थातच भांडारकर होते. लंडनच्या परिषदेत ४५ वर्षांपूर्वी ज्यांचा केवळ निबंध गेला होता, ते ८२ व्या वर्षी स्वदेशात भरलेल्या तशाच परिषदेचे अध्यक्ष झाले. देशातील निरनिराळ्या विद्यापीठांतले संस्कृत, प्राकृत, इतिहास व भाषा यांचे अभ्यासक तोवर एकमेकांना प्रामुख्याने युरोपीय नियतकालिकांतून ओळखत. आता त्यांना एकत्र बसून चर्चा करण्याचे ठिकाण मिळाले. दुसरी परिषद १९२२ मध्ये कलकत्त्यास आणि तिसरी १९२४ मध्ये मद्रासला झाली. भारतीय भाषाशास्त्र परिषदेची स्थापनाही १९२८ मध्ये लाहोर येथे, याच प्राच्यविद्या परिषदेच्या अधिवेशनप्रसंगी झाली. तो प्रसंग पाहण्यास भांडारकर मात्र नव्हते.

२४ ऑगस्ट १९२५ रोजी पुण्यात वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र श्रीधर हे संस्कृतचे प्राध्यापक होते, तर दुसरे पुत्र देवदत्त यांनी पुरातत्त्वज्ञ व शिलालेखतज्ज्ञ म्हणून नाव मिळविले. भांडारकरांचे इंग्रजी लेखन संशोधन मंदिराने १९२७ ते १९३३ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केले. विल्सन व्याख्याने त्यांपैकी चौथ्या खंडात आहेत.